रामोजी फिल्म सिटी : मे, ऑगस्ट आणि भाऊबीजेनंतरचा मंगळवार

हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला लातूर जिल्ह्यातल्या उदगीरहून आम्ही सहकुटुंब तीन वेळा गेलो. पहिल्यांदा २०१९ च्या मे महिन्यात, दुसऱ्यांदा २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाला जोडून आणि तिसऱ्यांदा २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर. ठिकाण तेच आणि जाणारी माणसे जवळजवळ तीच होती, तरी तिन्ही दिवस एकमेकांपासून इतके वेगळे गेले की या ठिकाणाला एकच गुण देणे मला अवघड वाटते. मे महिन्यातल्या दिवसाला मी पाचपैकी दोन देईन, ऑगस्टमधल्या दिवसाला तीन आणि भाऊबीजेनंतरच्या मंगळवारला साडेचार. हे गुण फिल्म सिटीचे नसून आम्ही निवडलेल्या तारखांचे आहेत. तिकीट माणशी हजार रुपयांच्या वर असल्याने पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी हा खर्च वर्षातून एकदाच, आणि तोही विचार करून, करण्यासारखा आहे; म्हणून परीक्षणही तारखांचेच लिहितो आहे.

जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे ठिकाणाविषयी सांगतो. रामोजी राव यांनी १९९६ मध्ये उभारलेली ही चित्रनगरी १,६६६ एकरांवर पसरलेली असून जगातील सर्वांत मोठे चित्रपट-स्टुडिओ संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. ती शहराच्या पूर्वेला विजयवाडा रस्त्यावर आहे आणि आपण येतो पश्चिमेकडून, म्हणजे बिदर, जहीराबाद, संगारेड्डी असे करत. त्यामुळे शहरात न शिरता पटानचेरूला बाह्य वळणरस्ता धरावा आणि पेद्दा अंबरपेटला उतरावे, हे बरे. आपली गाडी प्रवेशद्वाराशी ठेवावी लागते आणि पुढे चित्रनगरीच्या बसने आत जावे लागते. आत विमानतळाचा, रेल्वे स्थानकाचा देखावा आहे, बागा आहेत, ‘बाहुबली’चे नेपथ्य आहे, पक्षी उद्यान आणि फुलपाखरांची बाग आहे. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारे खेळ आणि मंचावरचे काही कार्यक्रम छपराखाली होतात. बाकी सगळे आभाळाखाली. पाळणे आणि मोठ्या घसरगुंड्या हे इथले मुख्य आकर्षण नाही. इथे माणूस दिवसभर चालतो, बसमध्ये चढतो, उतरतो, पुन्हा चालतो. ज्या ठिकाणी मुख्य काम चालण्याचे आहे तिथे हवा कशी आहे यालाच निम्मे महत्त्व असते, आणि आम्ही पहिल्या खेपेला नेमके तेच विसरलो.

मे महिन्याचा निर्णय घेताना आमचा युक्तिवाद असा होता की आपण मराठवाड्याची माणसे, आपल्याला उन्हाचे काय कौतुक. हैदराबाद आपल्याच दख्खनच्या पठारावर आहे, उंचीही साधारण आपल्याइतकीच, आणि मे महिन्यात तिथला पाराही आपल्यासारखाच चाळिशीला टेकतो. यात चुकीचे काही नव्हते. चूक पुढे होती. उन्हाची सवय म्हणजे खरे तर दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर न पडण्याची सवय, हे आमच्या ध्यानात आले नाही. शेतातला गडीसुद्धा मे महिन्यात पहाटे औत धरतो आणि ऊन चढले की लिंबाखाली पडतो. आम्ही मात्र नेमक्या त्याच वेळेत तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी एका देखाव्यापासून दुसऱ्या देखाव्यापर्यंत चालत होतो. आईने दुपारी एकनंतर सावलीतला एक बाक धरला तो सायंकाळपर्यंत सोडला नाही. धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला त्या संपूर्ण दिवसातले एक लिंबू सरबत तेवढे आठवते.

उन्हाच्या जोडीला गर्दी होती आणि तिचे कारण मला नंतर कळले. तेलंगणातील शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि ११ जूनपर्यंत चालते. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा मे महिन्याच्या प्रारंभी बंद होतात आणि जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे संपूर्ण मे महिना दोन्ही राज्यांची मुले मोकळी असतात. त्यात कर्नाटकाची आणि आंध्राची भर. सुट्टी आहे म्हणून जावे, एवढ्याच हिशेबाने निघालेल्या सगळ्यांची गाठ तिथे पडते. मे महिन्यात जाणे ज्यांना अगदीच अटळ असेल त्यांनी नऊच्या ठोक्याला दारात हजर राहावे, उघड्यावरचे देखावे साडेअकरापर्यंत उरकावेत, दुपार छपराखालच्या खेळांसाठी राखावी आणि बागा सायंकाळी पाहाव्यात. वृद्ध माणसांना मात्र नेऊ नये.

ऑगस्टमधील भेट आम्ही हवेसाठी ठरवली आणि हवेने आम्हाला निराश केले नाही. हैदराबादचा पाऊस स्वभावाने आपल्याच पावसासारखा आहे: एक सर येते, अर्धा तास झोडपते, मग उघडीप पडते आणि कोवळे ऊन येते. वर्षभराचा पाऊसही लातूर जिल्ह्याप्रमाणेच आठशे मिलिमीटरच्या आसपास. मे महिन्यात करपलेल्या टेकड्या ऑगस्टमध्ये हिरव्या असतात, बागांना टवटवी असते, आणि चालताना धाप लागत नाही. सर आली की उघड्यावरचे कार्यक्रम थांबतात, ते थांबायलाच हवेत; तेवढ्या वेळात छपराखाली जावे. छत्री आणि पायात पट्ट्याची चप्पल एवढी तयारी पुरते. नवे पांढरे बूट घालून जाण्याचा हट्ट माझ्या पुतण्याने धरला होता, त्या बुटांचे पुढे काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

बिघडले ते तारखेमुळे. त्या वर्षी १५ ऑगस्ट सोमवारी आला होता, म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी साऱ्या देशालाच मिळाली होती, आणि आम्ही गेलो रविवारी. बसच्या रांगेत उभे असताना एका गोष्टीची मला विशेष हळहळ वाटली. मंगळवारी, १६ तारखेला, पारशी नववर्षाची सुट्टी होती. ती महाराष्ट्राच्या सरकारी यादीत असते, तेलंगणात तो बहुतेकांसाठी कामाचा दिवस होता. आम्ही तो मंगळवार परतीच्या प्रवासात आणि कपडे वाळवण्यात घालवला. रविवारऐवजी मंगळवारी गेलो असतो, तर त्याच पावसाळी हवेत रिकामी चित्रनगरी पाहायला मिळाली असती.

त्या हळहळीतूनच तिसऱ्या भेटीचा बेत निघाला. हैदराबादला जायचे असेल तर आपल्या सुट्टीइतकीच तिथल्या सुट्टीची यादीही पाहावी, आणि आपली सुट्टी चालू असताना तिथल्या शाळा भरलेल्या असतील असा आठवडा शोधावा. सीमेवरच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना ही एक सोय फुकट मिळालेली आहे, पण आपण ती फारशी वापरत नाही. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याची असते, कारण बतुकम्मा आणि दसरा हे तिथले मोठे सण. दिवाळीला शाळा जेमतेम एखादा दिवस बंद राहतात. आपल्याकडे नेमके उलट आहे. दसऱ्याला एक दिवस आणि दिवाळीला सलग दोन आठवड्यांच्या आसपास. २०२४ मध्ये तेलंगणातील दसऱ्याची सुट्टी २ ते १४ ऑक्टोबर अशी होती आणि आपली भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी होती. आम्ही सोमवारी दुपारी निघालो, मुक्काम हैदराबादच्या अलीकडेच केला आणि मंगळवारी, ५ तारखेला, सकाळी पावणेनऊला प्रवेशद्वाराशी पोहोचलो.

गर्दी नव्हती असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आमच्यासारखाच हिशेब केलेली, किंवा न करताही दिवाळीत बाहेर पडलेली, मराठी आणि गुजराती कुटुंबे बरीच होती. फुलपाखरांच्या बागेत तर आजूबाजूला तेलुगूपेक्षा मराठीच अधिक ऐकू येत होती, आणि एका परभणीकर काकूंनी माझ्या आईशी पाच मिनिटांत सोयरीक जुळवून घेतली. पण स्थानिक कुटुंबे आणि महाविद्यालयीन मुलांचे घोळके नसल्याने रांगा सरकत होत्या. बससाठी थांबावे लागले ते मिनिटांच्या हिशेबात. पक्षी उद्यानात मुले हवी तेवढी रेंगाळली, कोणी मागून ढकलत नव्हते. ज्या आईने मे महिन्यात बाक धरला होता तिने या वेळी बागा पायी पाहिल्या आणि विमानतळाच्या देखाव्यासमोर, आयुष्यात विमानात न बसताही, अगदी प्रवाशाच्या ऐटीत छायाचित्र काढून घेतले. ऊन होते, पण ते दिवाळीनंतरचे, अंगावर घ्यावेसे वाटणारे.

या मोसमाची एक उणीव मात्र आहे आणि ती आधी कळली तर बरे: दिवस लहान असतो. नोव्हेंबरमध्ये तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि सायंकाळच्या उजेडात बागा पाहू, असे म्हणत बसलेल्यांचा उजेड चहा पिण्यातच संपतो. मे महिन्यापेक्षा तासभर कमी मिळतो असे धरूनच दिवसाची आखणी करावी. दुसरे असे की सर्वांत रिकामा दिवस हाच सर्वांत चांगला दिवस, असेही नाही. मंचावरच्या कार्यक्रमांना समोर माणसे लागतात. अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचणाऱ्या कलाकारांचा उत्साह पाहणाऱ्यालाही जाणवतो. मध्यम गर्दी, कोरडी हवा आणि सरकणारी रांग, एवढे जमून आले की पुरे.

तारीख दिवाळीवर सोपवण्यातला धोकाही सांगायला हवा. दिवाळी दरवर्षी सरकते, आणि ती ऑक्टोबरमध्ये आली तर पाऊस पुरता सरलेला नसतो; बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा मोसमही ऑक्टोबर ते डिसेंबर चालतो. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. आमच्या नियमाप्रमाणे पुढचा मंगळवार २८ तारखेचा, आणि त्याच रात्री मोंथा चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले. तेलंगणातही जोराचा पाऊस झाला. आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या सल्ल्यावरून त्याच आठवड्यातले आरक्षण केले होते, आणि तेव्हापासून ते माझ्याशी हवामानाविषयी जरा जपूनच बोलतात. यावर थोडाफार उपाय पंचांगातच आहे. ज्या वर्षी अधिकमास येतो त्या वर्षी दिवाळी पुढे, नोव्हेंबरमध्ये जाते: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. धोंड्याचा महिना जावयांसाठी असतो हे सर्वांना ठाऊक आहे. सहलीसाठीही तो उपयोगी पडतो, ही त्यात माझी भर.

डिसेंबर आणि जानेवारीविषयी मला विचारले जाते, कारण हवा तेव्हा सर्वांत सुखद असते. साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत चित्रनगरीत हिवाळी महोत्सवही असतो. सायंकाळी रोषणाई आणि मिरवणूक असते. तरुण मंडळींना आणि रात्रीची मौज हवी असणाऱ्यांना तो काळ आवडेल. माझा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. एक म्हणजे शालेय सहली. मी स्वतः शिक्षक असल्याने त्यांच्याविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. एका डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन मीही तिथे गेलो आहे, आणि ती भेट वर मोजली नाही, कारण दर अर्ध्या तासाने मुले मोजण्यात गेलेल्या दिवसाला पाहणे म्हणत नाहीत. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या शाळांच्या बसगाड्या एकाच सुमारास ओळीने उभ्या असतात, आणि प्रत्येक देखाव्यापुढे पन्नास-साठ मुलांचे समूहछायाचित्र चालू असते. दुसरा आक्षेप संक्रांतीचा. ती तेलुगू लोकांची मोठी सुट्टी. हैदराबादेतील हजारो कुटुंबे त्या आधीच्या दोन-तीन दिवसांत आंध्रातल्या आपापल्या गावी निघतात आणि ती सारी वाहने विजयवाड्याच्या त्याच रस्त्याने जातात ज्यावर चित्रनगरीचे प्रवेशद्वार आहे. ११ ते १३ जानेवारी या काळात त्या रस्त्याला लागूच नये. प्रत्यक्ष संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मात्र, मधल्या वारी, हरकत नाही.

फेब्रुवारी हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित महिना आहे. थंडी ओसरलेली, ऊन चढलेले नसते, सुट्टी कोणालाच नसते. ज्यांची मुले शाळेत जाण्याइतकी मोठी नाहीत, किंवा ज्यांची मुले शिकून नोकरीला लागलेली आहेत, त्यांनी फेब्रुवारीतला बुधवार धरावा. मधल्या वयाच्या मुलांच्या आईबापांना तो महिना परीक्षांनी बंद केलेला आहे.

हा सगळा हिशेब हैदराबादचा आहे. तो उचलून दुसरीकडे लावू नये. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणारे आपल्याकडचे लोक ही चूक नेहमी करतात. ते उद्यान सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणात आहे. तिथे जुलैचा पाऊस आपल्यासारखा सर आणि उघडीप असा नसतो, दिवसचे दिवस कोसळतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्यानाचे आकर्षण म्हणजे उघड्यावरचे उंच झोपाळे आणि रोलर कोस्टर, आणि मुसळधार पावसात किंवा विजा चमकत असताना असल्या राइड सुरक्षिततेसाठी थांबवाव्याच लागतात. घरून निघताना आभाळ पाहण्याची आपली सवय तिथे उपयोगाची नाही. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ तिथेही चांगला, फक्त पुण्या-मुंबईची शनिवार-रविवारची गर्दी टाळावी. त्यासाठी आपल्याकडे एक तारीख अशी आहे जी पुण्या-मुंबईकडे नाही: १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपल्या आठ जिल्ह्यांत सुट्टी, बाकी महाराष्ट्रात कामाचा दिवस. झेंडावंदन चुकवून जावे असे मी म्हणणार नाही, शिक्षकाने तर मुळीच म्हणू नये. पण सकाळचे झेंडावंदन करून निघाले आणि एक रजा जोडून १८ तारखेला उद्यान पाहिले, तर चार माणसांच्या रांगेत उभे राहण्याचे सुख मिळू शकते. अट एवढीच की त्या दिवसांत गणेशोत्सव आणि पाऊस दोन्ही पाहून घ्यावेत. शिर्डीच्या जलउद्यानाचा हिशेब आणखी निराळा. तिथली गर्दी शाळांपेक्षा साईबाबांच्या गुरुवारांवर आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या उत्सवांवर चालते.

जलउद्यानांना अर्थातच उन्हाळाच हवा. मार्च ते मृगापूर्वीचे दिवस. पण आपल्या भागात या सल्ल्याला एक काटा आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन. आणि त्याच एप्रिलमध्ये हैदराबादला वंडरलाचे मोठे उद्यान सुरू झाले, ज्यात पाण्याचे खेळ भरपूर आहेत. त्या वर्षी तिथे जाऊन आलेल्या एका नातेवाइकाने छायाचित्रे कोणाला दाखवली नव्हती. पुढे एकदा चांगल्या पावसाच्या वर्षानंतर आम्ही आपल्याच भागातील एका जलउद्यानात, मे महिन्यातल्या रविवारी, गेलो होतो. नाव घेत नाही. दुपारी दोनपर्यंत पाण्याचा रंग बदलला होता, कपडे ठेवायला कपाट मिळाले नाही आणि लाटांच्या हौदात पोहायलाच काय, नीट उभे राहायलाही जागा नव्हती. तेच उद्यान मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी कसे असते ते पाहायचे राहून गेले आहे.

जूनमध्येही एक फट सापडते: तेलंगणातील शाळा १२ जूनला उघडतात आणि आपल्या १५-१६ जूनला. ते तीन-चार दिवस कागदावर उत्तम आहेत. प्रत्यक्षात मृग लागलेला असतो, आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्या डोक्यात तेव्हा बियाणे, खत आणि वापसा याशिवाय काही नसते. सहलीची तारीख ठरवताना सुगीही पाहावी लागते, हे शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि मळणी, डिसेंबरपासून पुढे तूर. नोव्हेंबरचा मधला काळ त्या दोहोंच्या दरम्यान येतो: सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात आणि तूर फुलात असते. आमच्या तिसऱ्या भेटीला साडेचार गुण मिळाले त्यात या मोकळ्या मनाचा वाटा किती, हे मला वेगळे काढता येत नाही.

२०२६ साठी आम्ही भाऊबीजेनंतरचा मंगळवार, १७ नोव्हेंबर, मनात धरला आहे. रानडुकरांपासून तुरीची राखण करायला चुलत भावाने होकार दिला आहे. आईने चालण्याचे बूट आताच घेऊन ठेवले आहेत. अडचण मोठ्या मुलीची आहे. ती आता लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या शिकवणीत आहे, आणि तिच्या वर्गाची दिवाळीची सुट्टी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संपते.